शंभराच्या आत हळूहळू सर

गाडी चालवायला शिकवणाऱ्या माणसाच्या पायांना सुट्टी नसते. हळूहळू सर घरी जेवायला बसले आणि समोर टीव्हीवर एखादी गाडी जोरात वळणावर आली, की टेबलाखाली त्यांचा पाय आपोआप ब्रेक दाबायचा. बायको म्हणायची, “अहो, ती धडकली तर धडकू दे, तुम्ही ताटातलं संपवा.” सर मान डोलवायचे. पाय मात्र गाडी सरळ रस्त्याला लागेपर्यंत वर यायचा नाही.

बावीस वर्षं ते शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसत होते. त्या सीटपुढेही ब्रेक आणि क्लच बसवलेले होते, पण सरांचा खरा ब्रेक त्यांच्या घशात होता. “हळूहळू. घाई नाही. रस्ता कुठे पळून जात नाही.” दिवसाला दोनशे वेळा तेच वाक्य, तोच सूर, जणू कोणी झोपलेल्या बाळावर पांघरूण घालतंय. म्हणून नाव पडलं हळूहळू सर. मूळचं नाव लायसन्सवर होतं, तिथेच राहिलं. एका बँकेच्या मॅनेजरला गाडी मागे घेताना डोळे मिटायची सवय होती. सर आवाज जराही न चढवता म्हणाले, “साहेब, उघडून बघा एकदा. जास्त मजा येते.” साहेबांनी डोळे उघडले, आरशात भिंत बघितली आणि पुन्हा मिटले. तेसुद्धा शेवटी पास झाले.

असा हा थंड डोक्याचा माणूस रविवारी सकाळी गोल्फच्या मैदानावर गेला की त्याचं पार पाणी पाणी व्हायचं.

घरामागच्या गवतावर सरांचा फटका असा बसायचा की शेजारी खिडकीतून वाहवा करायचे. पण मैदानावर पहिल्या होलला, सोबतचे तिघं मागे उभे राहिले की सरांचे गुडघे पहिल्या दिवशीच्या शिकाऊ माणसासारखे थडथडायचे. स्टिक वर जायची ती एका विचाराने, खाली यायची ती चार विचारांनी, आणि चेंडू बिचारा पाचव्याच दिशेला. गोल्फात जितके फटके कमी तितका खेळाडू मोठा. अठरा होल पुरे करायला बऱ्या खेळाडूला ऐंशी-नव्वद फटके लागतात. सरांना एकशे बारा, एकशे अठरा, आणि एकदा जोराचा वारा होता तेव्हा एकशे एकतीस. सात वर्षं हेच.

सोबतचे तिघंही काही चॅम्पियन नव्हते, पण सल्ल्याच्या बाबतीत कोणी त्यांचा हात धरला नसता.

पहिले दातांचे डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं आहे आणि त्यात कापूस आहे असं धरूनच ते जन्मभर बोलत आलेले. प्रश्नही त्यांचा, उत्तरही त्यांचंच. “खांदा ताठ झालाय का? झालाय. सैल सोडणार का? सोडणार. शाब्बास.” दुसऱ्या मुख्याध्यापिका बाई. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण वाक्याचा शेवट वर्गासाठी सोडायची खोड गेली नव्हती. “मारताना डोकं कुठे ठेवायचं? खा…” आणि कोणीतरी “…ली” म्हणेपर्यंत खेळ पुढे सरकायचा नाही. तिसरा सरांचा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, सोफ्याच्या दुकानात विक्रेता. तो फटकासुद्धा विकायचा. “भाऊजी, एकदा डाव्या पायावर वजन टाकून तर बघा. नाही जमलं तर बदलून देतो. बघायला काय जातंय?”

हे तिघं एकदम बोलायचे. प्रत्येक फटक्याआधी, प्रत्येक फटक्यानंतर, आणि फार जीव लागला तर मधेही.

तर एकोणसाठाव्या वाढदिवसाला सरांनी जोशात येऊन सगळ्यांसमोर जाहीर केलं, “साठी गाठायच्या आत शंभराच्या आत खेळून दाखवीन. नाही जमलं तर हा स्टिकांचा सगळा सेट सोडला. रविवारी घरी बसेन!”

बायको रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन. हवेतलं बोलणं तिला चालत नाही, तिला सगळं लेबल लावलेलं लागतं. “लिहून द्या,” ती म्हणाली. सरांनी लिहून दिलं. “आणि सेट कोणाला देणार?” मेहुण्याने अगदी सहज विचारलं, जसं मांजर दुधाचा भाव विचारतं. “तुला देईन,” सर म्हणाले. तोही मजकूर खाली वाढला. दुसऱ्या दिवशी मेहुण्याने गाडीची डिकी रिकामी केली. “नुसती झाडझूड, भाऊजी,” तो म्हणाला.

वर्षातले दहा महिने एकशे दहाच्या वर-खाली गेले. सरांना रात्री सेट दिसेना, घरी बसलेले रविवार दिसायला लागले. बायको रविवारी पडदे धुते. पडदे काढायला कोण, लावायला कोण? स्टुलावर उभे असलेले आपण त्यांना अगदी स्पष्ट दिसले.

मग एका रविवारी डॉक्टरांच्या दवाखान्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून त्यांनी बॅगेतून ब्रँडीचा चपटा फ्लास्क काढला. “सकाळचे दहा वाजलेत का? वाजलेत. चालतं का? चालतं.” चौघांनी झाकणाने दोन दोन घोट घेतले. बाईंनी आधी “औषध म्हणून” घेतलं आणि मग “डोस पूर्ण करायचा अस…” म्हणून “…तो” कोणी म्हणायच्या आत दुसरं झाकण पुढे केलं.

त्या दिवशी सरांचे फटके झाले एकशे तीन.

पहिल्यांदा कोणाचा विश्वासच बसला नाही. बाईंनी दोनदा बेरीज केली. मेहुण्याचा चेहरा असा झाला, जणू विकलेला सोफा गिऱ्हाइकाने परत आणलाय. डॉक्टरांनी तिथल्या तिथे निदान केलं, “मन ताठ होतं का? होतं. दारूने सैल झालं का? झालं. ह्याला म्हणतात उपचार.” पुढचे दोन रविवार तोच उपचार झाला. एकशे दोन. एकशे चार. सर हवेत तरंगायला लागले. बायकोला म्हणाले, “अगं, सगळा खेळ मनाचा आहे. दोन घोट पोटात गेले की मन कसं हलकं होतं!”

“आणि परत येताना गाडी कोण चालवतं?” बायकोने विचारलं.

त्या बाबतीत सर पक्के होते. थेंबभर घेतली तरी स्टिअरिंगला हात नाही. त्यामुळे दर रविवारी दुपारी बायको मैदानावर न्यायला यायची आणि सर शेजारच्या सीटवर बसायचे. ती गिअर टाकताना सरांच्या सुरात सूर काढून म्हणायची, “हळूहळू. घाई नाही. नवरा कुठे पळून जात नाही.”

माणसाला दोनाने गुण आला की चार दिसायला लागतात. चौथ्या रविवारी सरांनी स्वतःपुरते चार घोट घेतले. मग काय विचारता! तिसऱ्या होलला त्यांनी भलत्याच माणसाचा चेंडू मारला आणि तोही सुंदर मारला. सातव्या होलला एका झाडाला धक्का लागला तर टोपी काढून “माफ करा” म्हणाले. अकराव्याला वाळूच्या खड्ड्यात उतरले आणि तिथे फार बरं वाटतंय म्हणून बराच वेळ बसून राहिले. एकूण एकशे एकवीस. “डोस जास्त झाला का? झाला,” एवढंच बोलून डॉक्टरांनी फ्लास्क बॅगेत टाकला.

आता दोनच रविवार उरले. सोमवारी साठावा वाढदिवस, त्याच्या आदला रविवार शेवटचा.

त्यातला पहिला रविवार असा उगवला, की डॉक्टरांची स्वतःचीच दाढ दुखत होती आणि औषध चालू होतं. बाईंची दुसऱ्या दिवशी रक्ताची तपासणी होती. मेहुण्याला दुपारी दुकान उघडायचं होतं. कोणीच घेतली नाही. “तुझा कोटा तू घे,” म्हणून सरांना मात्र दोन घोट मोजून दिले आणि तिघं पूर्ण शुद्धीत, पूर्ण उत्साहात त्यांच्यामागे उभे राहिले.

“सैल का? नाही सैल.”

“डोकं खा…”

“भाऊजी, कंबर. कंबर एकदा वळवून तर बघा!”

एकशे सतरा.

घरी आल्यावर सर सोफ्यावर पडले आणि छताकडे बघत म्हणाले, “संपलं. उपचार लागू पडेना झाला. सवय झाली शरीराला.”

बायकोने दर रविवारी चौघांचे फटके लिहिलेली, फ्रिजवर लावलेली सगळी कार्डं काढली आणि जेवणाच्या टेबलावर पत्ते मांडतात तशी मांडली. चष्मा चढवला. “ह्या दिवशी कोणी घेतली होती?”

“सगळ्यांनी.”

“ह्या दिवशी?”

“सगळ्यांनीच.”

“आणि आज?”

“मी एकट्याने. तुझा भाऊ तर नुसता लिंबूपाणी पीत होता आणि सल्ले देत होता.”

“अहो, मग आज तुमच्या पोटात तीच दारू, तितकीच, आणि फटके चौदाने वाढले. म्हणजे तुमच्या पोटाचा काही संबंध दिसत नाही.” तिने दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. “आणि हे डॉक्टर बघा. प्यायल्याच्या दिवशी आठ फटके जास्त. बाई सहा जास्त. माझ्या भावाचं तर विचारूच नका.”

“पण ते तर म्हणतात आम्ही फार छान खेळलो!”

“म्हणणारच. दारूने खेळ नाही सुधारला, खेळाचं दुःख गेलं.” तिने कार्डं गोळा करून कडा जुळवल्या. “एक गोष्ट करून बघायची राहिलीय. त्यांना पिऊ द्या. तुम्ही पिऊ नका.”

“आणि सेट गेला म्हणजे?”

“निदान करायचं तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सेट जातोय तर निदान कारण कळून जाऊ दे. आणि नाहीतरी पडदे धुवायला आलेतच.”

सरांना आठवडाभर झोप नव्हती. बुधवारी एका शिकाऊ मुलीला “हळूहळू” म्हणायच्या ऐवजी ते “शंभराच्या आत” म्हणाले. तिला वाटलं वेग सांगतायत. तिने गाडी पळवली आणि सरांच्या पायाला बऱ्याच वर्षांनी खरं काम मिळालं.

रविवारी पहिल्या होलपाशी फ्लास्क निघाला. सरांनी झाकणावर हात ठेवला. “आज मी नाही.”

“घाबरलास का? घाबरलास. घेणार का? घे…”

“नाही घेणार.”

डॉक्टर चकित झाले. त्यांच्या कारकिर्दीत पहिल्यांदा पेशंटने उत्तर दिलं होतं.

“भाऊजी, शेवटचा रविवार आहे,” मेहुणा खालच्या आवाजात म्हणाला. सेट आपल्याकडे येणार हे दिसत असूनही त्याने फ्लास्क स्वतःच सरांपुढे केला. “उगाच जिवावर उदार होऊ नका. एक घोट घेऊन तर बघा.”

“तुम्ही घ्या. माझ्या वाटणीचीही घ्या.”

अन्न वाया घालवू नये हे बाईंनी पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेलं. सरांची वाटणी तिघांत वाटली गेली, मग डॉक्टरांनी बॅगेतून दुसरा फ्लास्क काढला, “वाढदिवसासाठी ठेवला होता का? होता. वाढदिवस उद्या आहे का? जवळपास आजच.”

पहिल्या होलला नेहमीसारखेच सात फटके. दुसऱ्याला सहा. तिसऱ्याला पाच. चौथ्याला पुन्हा पाच. पाचव्या होलला सर स्टिक घेऊन उभे राहिले, आणि काहीतरी चुकतंय असं त्यांना वाटलं. टायर बसला की गाडीचा आवाज बदलतो ना, तसं. त्यांनी कान दिला.

कोणी बोलतच नव्हतं. म्हणजे बोलत होते, पण त्यांच्याशी नव्हे. डॉक्टर मेहुण्याला एका अक्कलदाढेची गोष्ट सांगत होते, जिची मुळं म्हणे हत्तीच्या पायाएवढी होती. मेहुणा ओल्या डोळ्यांनी सांगत होता, की दुकानातल्या एका हिरव्या सोफ्यावर त्याचा जीव आहे आणि तो विकला जाऊ नये म्हणून तो त्यावर “आरक्षित” अशी पाटी लावतो. बाई त्या दोघांना वर्गाची प्रार्थना शिकवत होत्या, दुसऱ्या कडव्यापासून, कारण पहिलं आठवत नव्हतं. सर जगात आहेत की नाहीत, ह्याच्याशी कोणाला काही देणंघेणं नव्हतं.

सर हसायलाच लागले. शिकवणीच्या दहाव्या दिवशी ते स्वतः काय करायचे? मुद्दाम गप्प बसायचे. बाहेर बघत, तोंडात गोळी चघळत. आणि त्याच दिवशी शिकणारा पहिल्यांदा गाडी नीट चालवायचा. हे सगळं ठाऊक असलेला माणूस सात वर्षं तीन तीन मास्तरांना गाडीत घेऊन फिरत होता आणि तिघांच्याही पायाखाली ब्रेक होता. घोटाने सैल झालं होतं ते ह्या तिघांचं लक्ष. त्यांची पकड सुटली, की सरांच्या हाताला रस्ता मिळायचा.

त्यांनी सावकाश स्टिक उचलली. चेंडू असा गेला, जसा चांगला विद्यार्थी सिग्नल सुटल्यावर जातो. ना झटका, ना आवाज.

पुढे बारा होल तसेच गेले. मागे दाढा उपटल्या जात होत्या, सोफे विकले जात होते, प्रार्थना चुकीच्या चालीवर चालली होती. आणि सर आपले एकटे, पाच, पाच, सहा, पाच, मधेच एकदा चक्क चार.

सतराव्यानंतर बाईंना एकदम आठवलं की कार्ड त्यांच्याकडे आहे. बाकावर बसून त्यांनी एक डोळा मिटून बेरीज केली. मग दुसरा डोळा मिटून केली. मग उभ्याच राहिल्या.

“चौऱ्याण्णव.”

शेवटचा होल उरला होता. पाच फटक्यांत संपवला तर नव्व्याण्णव.

तिघांची एका क्षणात खाडकन उतरली. मनुष्यप्राण्याला इतक्या वेगाने शुद्धीवर आणणारं औषध अजून निघालेलं नाही. तिघं धावत सरांच्या मागे येऊन उभे राहिले.

“खांदे सैल आहेत का? नाहीत! सोडणार…”

“डोकं खा… डोकं खा…!”

“भाऊजी, डावा पाय! सेट गेला चुलीत, तुम्ही डावा पाय बघा!”

स्टिक वर गेली, आणि वरच थांबली. सरांनी ती खाली ठेवली. मागे वळले आणि शिकाऊ मुलींच्या मागच्या सीटवर बसून “अगं ट्रक, अगं ट्रक” ओरडणाऱ्या आयांशी ते ज्या आवाजात बोलायचे, त्या आवाजात म्हणाले, “मागच्या सीटवरच्यांनी खिडकीबाहेर बघायचं. गाडी थांबेपर्यंत तोंड उघडायचं नाही. एक शब्दही नाही.”

बाईंना चाळीस वर्षांत कोणी गप्प बसवलं नव्हतं. त्यांनी नकळत तोंडावर बोट ठेवलं. डॉक्टरांनी गाल फुगवून श्वास कोंडला. मेहुण्याने टोपी दातात धरली.

पहिला फटका मधोमध. दुसरा वाळूच्या खड्ड्याच्या अलीकडे, दोन पावलं अलीकडे. तिसरा हिरवळीवर, पण होलपासून लांब. एव्हाना गाडी लावून बायकोही येऊन उभी राहिली होती, हात बांधून, रिपोर्ट यायची वाट बघताना उभी राहते तशी. ती मुळात बोलणाऱ्यांतली नव्हतीच. चौथा फटका वळणावळणाने गेला आणि हातभर अलीकडे थांबला.

पाचवा. सरांनी हलकेच ढकलला. चेंडू निघाला, रेंगाळला, होलच्या काठाशी गेला आणि तिथेच थबकला. अर्धा आत, अर्धा बाहेर, पायरीवर बसून विचार करणाऱ्या माणसासारखा.

नियम असा, की काठावर लटकलेल्या चेंडूजवळ पोहोचल्यावर दहा सेकंद थांबता येतं. तेवढ्यात पडला तर पाचवाच फटका, नाहीतर सहावा. सर चेंडूजवळ जाऊन उभे राहिले. बोलायची तर बंदी. बाईंनी दोन्ही हात वर केले आणि एकेक बोट मिटायला सुरुवात केली. एक. दोन. डॉक्टरांचा चेहरा टोमॅटोसारखा लाल. चार. पाच. मेहुणा गुडघ्यांवर बसला आणि हात जोडून चेंडूकडे बघू लागला, जणू गिऱ्हाईक सही करायच्या बेतात आहे. सहा. सात. बायकोने बांधलेले हात सोडले. आठव्या बोटावर बाई अडखळल्या, मिटवावं की नको, आणि मुख्याध्यापिका असल्यामुळे मिटवलंच. नववं बोट वाकायला लागलं आणि…

टक्.

पहिली उडी मेहुण्याची. त्याने सरांना उचललं, पेलवलं नाही म्हणून दोघंही गवतावर आडवे झाले, आणि तरी तो तोंडातली टोपी काढायला विसरला. बायको म्हणाली, “झालं निदान,” आणि चष्मा काढून बराच वेळ पदराने पुसत राहिली. काच स्वच्छच होती.

बाईंनी कार्ड पुढे केलं. सरांनी पेन धरलं आणि सहीच्या जागी नुसती नागमोडी रेघ उमटली. डॉक्टरांचे गाल अजून फुगलेलेच होते. बाईंचं बोट ओठांवर. मेहुणा डोळ्यांनी नुसता विनवत होता.

सर गवतावर बसूनच हसले. “गाडी थांबली. बोला आता.”

“शेवटच्या फटक्याला मनगट वळलं का? वळलं!”

“आणि डोकं? व… व… सांगा, व…!”

“भाऊजी, तो चौथा जरा उजवीकडून मारून तर बघायचा होता!”

सर उताणे पडून तिघांचं सगळं ऐकत राहिले, आणि मधूनमधून “…र” म्हणत राहिले.